आकडा उजळेपर्यंत

नवऱ्याशी बोलायची तिची वेळ ठरलेली होती. ती तिनं ठरवली नव्हती, नवऱ्यानंही नाही. ती एका सॉफ्टवेअरनं ठरवली होती. आतल्या खोलीत तो कॉम्प्युटरवर गाणं निवडायचा, बटण दाबायचा, आणि गाणं सुरू होण्याआधी बराच वेळ काहीच व्हायचं नाही. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागायचा, पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या चालीनं पुढे सरकायची, आणि शेजारच्या काळ्या डब्याची छोटीशी खिडकी अंधारीच असायची. मग त्या खिडकीत पिवळा आकडा उजळायचा, ७०५, आणि गाणं सुरू. आकडा उजळला की संपलं. त्यानंतर घराला आग लागली असती तरी नवऱ्यानं एक बोट वर करून तिला थांबवलं असतं. पण आकडा उजळेपर्यंत त्याच्या कानात काही नसायचं. काय सांगायचं ते तिला तेवढ्यात सांगून घ्यावं लागायचं.

त्या काळ्या डब्याला डॅक म्हणतात. गाण्याच्या फाईलमध्ये नुसते आकडे असतात आणि त्या आकड्यांचा आवाज करायचं काम हा डबा करतो, हे तिनं इतक्या पाहुण्यांबरोबर बसून ऐकलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण नवऱ्याला आहेत ते आकडे पुरत नसत. फार विरळ आहेत म्हणायचा. म्हणून डब्याकडे धाडण्याआधी ते सॉफ्टवेअर प्रत्येक दोन आकड्यांच्या मध्ये आणखी आकडे भरत बसायचं, सेकंदाला सात लाख पाच हजार होईपर्यंत. खिडकीतलं ७०५ ते हेच. "उगाच ठोकून दिलेले नाहीत हं," तो पाहुण्यांना सांगायचा. "मागचेपुढचे आकडे बघून मध्ये काय असायला हवं, ते हे बरोबर काढतं." पाहुणे माना डोलवायचे आणि चहा कधी येतोय ते बघायचे. तिला दर वेळी एकच वाटायचं. दोन आकड्यांच्या मधलं एवढं काळजीनं शोधणाऱ्या माणसाला बायकोच्या दोन वाक्यांच्या मधलं कधीच कसं सापडत नाही?

तसा माणूस वाईट नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसायचा. दिवसभर लोक त्याच्या कानात ओरडायचे, नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, रस्त्यात पाईप फुटलाय. तो म्हणायचा, "हं. हं. नोंद घेतली. बघतो." असा दिवस काढून घरी आलेल्या माणसाला कोणाचाच आवाज नको वाटावा हे तिला समजत होतं. पण घरी आल्यावरही "हं, बघू" त्याच सुरात यायला लागलं, तेव्हा तिच्या नाकावर राग बसायला लागला. आपण बायको आहोत की फुटलेला पाईप, हेच तिला कळेना.

आणि या आठवड्यात तर तिचं सगळं घोडं त्या "हं"वरच अडलं होतं.

तिचे वडील दादाकडे, म्हणजे तिच्या थोरल्या भावाकडे राहत होते. मध्ये न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी बजावलं की यांना एकटं ठेवू नका. त्यातच दादाची बदली झाली, तीही लांब, आणि कंपनी देणार ती जागा जिने चढून जायची. बाबांना तिथं नेणं शक्य नव्हतं. तिनं फोनवर लगेच सांगितलं, माझ्याकडे आणा. त्यावर बाबा म्हणाले, "पोरी, तुझ्या घरी यायला माझी ना नाही. पण घर जावयाचंही आहे. त्यांनी एका शब्दानं बोलावलं तर येईन. नाही तर दादानं ती वृद्धांची संस्था बघितली आहे, ती बरी." ती घाईघाईनं म्हणाली, "अहो बाबा, हे कधीचे म्हणतायत, बोलव म्हणून." बाबा शांतपणे म्हणाले, "मग दे त्यांना फोन." नवरा आत गाणं ऐकत होता. तिनं दाराकडे बघितलं आणि सांगितलं की ते बाहेर गेलेत.

संस्थेतली जागा दादानं शनिवारपर्यंत धरून ठेवायला सांगितली होती. म्हणजे शनिवारच्या आत नवऱ्यानं बाबांना एक फोन करायचा, आणि आतली खोली मोकळी करून द्यायची. एवढंच काम. पण आतल्या खोलीत तिच्या छातीपर्यंत येणारे दोन स्पीकर होते. त्यांच्या पायांभोवती जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या, आणि केर काढताना स्पीकर बोटभर जरी हलला तरी संध्याकाळी चौकशी व्हायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. मध्ये एकच खुर्ची. बाकीच्यांनी उभं राहायचं.

सोमवारी जेवताना तिनं विषय काढला. नवरा ताटाशेजारी टॅब्लेट ठेवून, मधले आकडे भरायच्या कोणत्या पद्धतीनं, म्हणजे फिल्टरनं, तबला मोकळा वाटतो यावर जगभरातल्या रिकामटेकड्यांची मतं वाचत होता. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हं. बघू." तिनं विचारलं, "बघू म्हणजे? हो ना?" तो म्हणाला, "अगं, बघू म्हटलं ना." मंगळवारी सकाळी पुन्हा विचारलं तर बूट घालता घालता म्हणाला, "संध्याकाळी निवांत बोलू." संध्याकाळी तो निवांत आत जाऊन बसला.

ती दारात दबा धरूनच उभी होती. त्यानं बटण दाबलं, पट्टी सरकायला लागली.

"अहो, बाबांना एक फोन करायचाय तुम्हाला. नुसतं या म्हणायचंय. दादा रविवारी निघणार, त्याच्या आत..."

"हं."

"आणि ही खोली त्यांना द्यावी लागेल. स्पीकर तेवढे बाहेरच्या..."

७०५. बोट वर गेलं. एक सरोद सुरू झाली आणि तिचं वाक्य दारातच राहिलं. सरोद थांबल्यावर ती तोंड उघडणार, एवढ्यात नवरा वळला. त्याचा चेहरा इतका उत्सुक होता की तिला वाटलं, ऐकलं वाटतं यांनी.

"आता मी फिल्टर बदलतो. हे पहिलं होतं, आता दुसरं. कुठलं चांगलं ते सांग. खरं सांग हं."

ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, काचा बदलायची आणि विचारायची, पहिली बरी की दुसरी? आता स्पष्ट की मगाशी? माणूस कंटाळला की काहीही सांगून मोकळा होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अशा वेळी ती मुद्दाम तीच काच काढून पुन्हा घालायची, आणि माणूस म्हणायचा, "हां, आता बरं दिसतं." आपलं हसू ती अंधारात लपवायची. आज गिऱ्हाईक ती होती.

"दुसरं," ती म्हणाली.

"अगदी बरोबर!" नवरा खूश झाला. "तुझे कान तयार होत चाललेत." बाबांचा विषय तिथेच भिजत घोंगडं होऊन पडला.

बुधवारी दुकानात असताना दादाचा फोन आला. समोर एक बाई त्या जड फ्रेममध्ये ताटकळत बसली होती.

"काय झालं? बोलले का ते?"

"बोलतील रे. गडबडीत आहेत."

"कसली गडबड? हे बघ, नको असेल तर तसं सांग. पण बाबांना असं टांगून ठेवू नकोस. रोज सकाळी उठून पिशवी भरतात. कपडे, गोळ्या, चष्मा, सगळं. चेन तेवढी उघडी ठेवतात. का म्हणून विचारलं तर म्हणाले, बोलावणं आलं की लावू. रात्री त्यातूनच झोपायचे कपडे काढतात. सकाळी पुन्हा भरतात."

तिनं फोन ठेवला आणि काच बदलली. "आता कसं दिसतंय?" तिनं विचारलं. बाई म्हणाली, "मगाशी बरं होतं." तिनं मगाशी कोणती काच घातली होती तेच तिला आठवेना. सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागली.

गुरुवारी तिनं वाक्य घोकून ठेवलं. जिना चढताना, कुलूप काढताना, कणीक मळताना ती ते घोकत होती. 'आत्ता उठा आणि बाबांना फोन करा, नाही तर ते परवा वृद्धाश्रमात जातील.' पट्टी सरकेपर्यंत हे वाक्य आरामात बसत होतं. तिनं मनात म्हणून बघितलं होतं. आत त्यानं गाणं निवडलं, ती दारात जाऊन उभी राहिली, आणि त्यानं बटण दाबलं.

"आत्ता उठा आणि..."

७०५.

आकडा लगेच उजळला. पट्टी दिसलीच नाही. नवऱ्यानं खुर्चीतून अशी काही उडी मारली की ती दचकली. "बघितलंस? बघितलंस? मधल्या आकड्यांचा सगळा हिशेब ग्राफिक्स कार्डावर टाकला, ते झपाट्यानं करतं! थांबायलाच नको आता. किती दिवस डोकं फोडत होतो!" गाणं चालू असताना तो आपणहून बोलत होता, ही गोष्ट घरात कधी झाली नव्हती. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी फट होती, तीही या माणसानं बुजवली आणि वर पेढे वाटायच्या आनंदात आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं पोळपाट इतक्या जोरात आपटला की लाटणं गडगडत जाऊन फ्रीजखाली शिरलं.

शुक्रवारी ती दुकानातून लवकर निघाली. आज सोक्षमोक्ष लावायचा होता. बटण बंद करायचं, समोर उभं राहायचं, आणि फोन त्याच्या हातात द्यायचा. घरात पाऊल टाकलं तर घर विचित्र शांत. पंखा बंद. घड्याळ भिंतीवर नव्हतं, ते टॉवेलात गुंडाळून सोफ्यावर ठेवलं होतं. पाणी प्यायला फ्रीज उघडला तर आत अंधार. फ्रीजचं बटणही बंद, आणि दूध कोमट. हे काय चाललंय, असं म्हणत ती आतल्या खोलीकडे वळली तर तिथून एक आवाज येत होता. खोल घुमणारा, हळूहळू चढत जाणारा, चढता चढता शिट्टीसारखा बारीक होणारा. तो संपला की पुन्हा खालून सुरू.

तिनं दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. खुर्चीच्या जागी एक उंच दांडी उभी होती आणि तिच्या टोकाला, नवरा बसल्यावर त्याचे कान जिथं येतात बरोबर तिथं, करंगळीएवढा बारीक माईक. तिला आठवलं, काल तो काहीतरी बडबडत होता. खोलीचं मोजमाप घ्यायचं, खोली आवाजात कुठे लुडबुड करते ते बघायचं आणि ते सॉफ्टवेअरला सांगायचं, आणि तोवर घरात टिकटिकसुद्धा नको. मोजमाप आपोआप सुरू होईल असं लावून स्वारी वरच्या मजल्यावर गेली होती, शेजाऱ्यांना कपड्यांचं मशीन थोडा वेळ बंद ठेवा म्हणून विनवायला. शेजाऱ्यांशी बोलायला वेळ होता. त्यांच्याशी तर गोडीगुलाबीनं बोलत असणार.

ती त्या दांडीसमोर उभी राहिली. आवाज खालून वर चढत होता. का कोण जाणे, पण तिला वाटलं की निदान ही दांडी बोट वर करणार नाही.

"बाबा रोज पिशवी भरतात," ती माईकला म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का? नसणारच. सोमवारपासून बाबांचं सांगतेय, तेच ऐकलं नाहीत. रोज सकाळी भरतात आणि चेन उघडी ठेवतात. म्हणतात, बोलावणं आलं की..." तिचा आवाज अडकला. तिनं आवंढा गिळला. "उद्या ते तिथं जातील आणि मी काही करू शकणार नाही, कारण माझ्या हातात नाहीये. तुमचा एक फोन लागतो. एकच. मी काय मागितलं होतं हो? ज्या माणसानं मला हात धरून चालायला शिकवलं, त्याला एक खोली. ती पण तुमच्याकडे मागायची, तुम्ही हं म्हणायचं, आणि मी ते हो आहे का नाही आहे याचा विचार करत भांडी घासायची. मला कंटाळा आलाय. खरंच कंटाळा आलाय." शिट्टीचं टोक आलं आणि विरलं. ती बाहेर आली, फ्रीज चालू केला, घड्याळ टॉवेलातून काढलं आणि भिंतीवर तिरकंच लटकवलं.

थोड्या वेळानं नवरा खाली आला. तो थेट आत गेला आणि दार लागलं. पहिल्यांदा त्याचं चुकचुकणं ऐकू आलं, मोजमाप बिघडलं असणार. आणि मग त्या दोन उंच स्पीकरमधून तिचा स्वतःचा आवाज आला. मागे तो घुमत चढणारा सूर, आणि पुढे ती. 'बाबा रोज पिशवी भरतात.' ती ओट्याला धरून उभी राहिली. आवाज संपला. पुन्हा लागला. पुन्हा पहिल्यापासून, आणि मग नुसता मधलाच तुकडा, 'बोलावणं आलं की', एकदा, दोनदा.

तिनं दार धाडकन उघडलं. माईक बाजूला सारून नवरा खुर्चीत बसला होता, डोळे मिटून, मान थोडी कलती करून, एखादी दुर्मीळ मैफल ऐकावी तसा. डब्याच्या खिडकीत ७०५ उजळलेलं होतं. तिच्या रडकुंडीला आलेल्या आवाजातसुद्धा या माणसानं मधले आकडे भरून घेतले होते!

"'बोलावणं आलं की'च्या पुढे तू थांबलीस," तो डोळे न उघडता म्हणाला. "तिथं काहीतरी आहे. अगदी बारीक."

"हुंदका आहे. गिळलेला."

त्यानं डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "हे तू मला कधी..." तो थांबला. "एकदा नीट सांग ना मला सगळं."

"मी नाही सांगणार. रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? लावा परत. मी समोर उभी राहून सांगत होते तेव्हा मी कमी ऐकू येत होते. आता सगळं ऐकू येतंय ना? मग ऐका."

त्यानं ते पुन्हा लावलं नाही. खोलीत हवी तेवढी शांतता होती, मोजमापासाठी अगदी उत्तम. त्याचा फोन नेहमीप्रमाणे बाहेर कपाटात होता, फोनमुळे स्पीकरमध्ये गुणगुण येते म्हणून. तिनं आपला फोन पुढे केला. बाबांचा नंबर लावूनच.

नवऱ्यानं घसा साफ केला. "नमस्कार बाबा. आपली अडचण समजली. आपण आमच्याकडे यावं असं आम्हाला वाटतं."

तिनं कपाळावर हात मारला. कचेरीतला आवाज! जसाच्या तसा! पलीकडून बाबांचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"हं," बाबा म्हणाले. "बघू." फोन ठेवला गेला.

नवरा हातातल्या फोनकडे बघत राहिला.

"काय म्हणाले?" तिनं मुद्दाम विचारलं.

"हं म्हणाले. बघू म्हणाले."

"म्हणजे येणार का?"

"ते... नीट कळलं नाही."

"मला सोमवारपासून कळत नव्हतं," ती म्हणाली. "परत लावा."

त्यानं लगेच लावला नाही. आधी खुर्चीतून उठला, कॉम्प्युटर बंद केला, आणि खोलीकडे एकदा नजर फिरवली. गाद्या, वायरी, जमिनीवरच्या पांढऱ्या खुणा. त्याला वाईट वाटत होतं ते तिला दिसलं. तिला त्याची दया आली नाही. मग त्यानं नंबर लावला आणि उभ्यानंच बोलला.

"बाबा, मीच परत. मगाशी बोलायला जमलं नाही मला. गाण्याची खोली आहे ना, ती तुमच्यासाठी मोकळी करतोय. हिनं कधीचं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी. उद्या सकाळी मी स्वतः येतो तुम्हाला न्यायला. याल ना?"

पलीकडून काहीच आलं नाही. खोकला नाही, हुंकार नाही. नवऱ्यानं तोंड उघडलं, हॅलो म्हणायला, किंवा आणखी काही भर घालायला. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. फोन त्यानं कानापासून थोडा दूर, दोघांच्या मध्ये धरला.

त्या साध्या फोनमधून, खरखरीतून, एक आवाज आला. चर्र करून थोडा पुढे गेला, अडकला, मागे आला आणि मग शेवटपर्यंत सरळ गेला.

"चेन," नवरा कुजबुजला.

"ऐकली मी," ती म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि डाव्या स्पीकरच्या वायरी काढायला वाकली.